‘वर्णद्वेष’ या शब्दाविषयी

कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्य आणि दलित साहित्य यांच्या तौलनिक अभ्यासाची अभ्यासपत्रिका मी गेली काही वर्षे पदव्युत्तर वर्गाला शिकवतो आहे. या विषयाची मांडणी आपल्याकडे एका ठरलेल्या क्रमाने होते. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली ब्लॅक पँथरच्या नावावरून मुंबईत दलित पँथर उभी राहिली. मीही याच क्रमाने शिकवत आलो. एका तासाला ‘वर्णद्वेष’ हा शब्द माझ्या तोंडून अनेकदा गेल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, द्वेष नसेल, तर वर्णद्वेष असतो का?” काहीतरी उत्तर देऊन मी पुढे गेलो, पण त्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही.

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात हा शब्द पानोपानी आहे. ‘रेसिझम’ला मराठी प्रतिशब्द म्हणून तो मी निःशंकपणे वापरला होता. मूळ शब्दात द्वेषाचा उल्लेख नाही. तो आपण मराठीत आणताना घातला आणि एका सामाजिक व्यवस्थेचे नाव मनोविकाराच्या खात्यावर जमा केले. शिवाय ‘वर्ण’ या शब्दात रंग आणि चातुर्वर्ण्य हे दोन्ही अर्थ असल्याने तुलना सिद्ध करण्याआधीच ती सिद्ध झाल्यासारखी वाटते. वास्तविक अमेरिकेतील मतभेदाचे मर्मच या ठिकाणी आहे: वंशवाद ही माणसाच्या मनातील वृत्ती मानायची, की सत्तेच्या वाटपाची एक रीत?

हा वाद जुना आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८९५ च्या अटलांटा येथील भाषणात राजकीय हक्कांच्या आग्रहापेक्षा उद्योग आणि आर्थिक स्वावलंबन यांना अग्रक्रम दिला. ड्यू बॉइस यांनी १९०३ मध्ये त्याचा प्रतिवाद केला. मताधिकार गमावलेल्या समाजाला आपली मिळकतही राखता येणार नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. जून १९६६ मध्ये मिसिसिपीतील ग्रीनवुड येथे स्टोकली कार्मायकेल यांनी ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा दिली, तेव्हा हाच प्रश्न अधिक धारदारपणे पुढे आला. पुढच्याच वर्षी त्यांनी चार्ल्स हॅमिल्टन यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात व्यक्तिगत आणि संस्थात्मक वंशवाद यांत भेद केला. बर्मिंगहॅममधील चर्चवर बॉम्ब टाकणारा दिसतो, त्याचा निषेध करता येतो. त्याच शहरात अन्न, निवारा आणि औषधोपचार यांच्या अभावी कृष्णवर्णीय बालके मरतात, तेव्हा मात्र गुन्हेगार दिसत नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांना ही घोषणा मान्य नव्हती. पण सत्तेवाचून न्याय मिळत नाही, हे त्यांनीही नाकारले नाही.

१९३० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे तयार केले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या त्यांत सरसकट लाल रंगाने दाखवल्या गेल्या. तेथे कर्ज देणे धोक्याचे ठरले. नकाशा रंगवणाऱ्या कारकुनाच्या मनात द्वेष असेलही, नसेलही. घर घेता आले नाही, म्हणून पुढच्या पिढीला वारसा मिळाला नाही, हा परिणाम त्याच्या मनावर अवलंबून नव्हता.

तथापि दुसरी बाजू फेटाळून लावण्याजोगी नाही. विल्यम ज्युलियस विल्सन या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये असे प्रतिपादले, की कृष्णवर्णीयांच्या जीवनसंधी ठरवण्यात आता वंशापेक्षा वर्गाचा वाटा मोठा होत आहे. त्यावर मोठे वादळ उठले. १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर कृष्णवर्णीय महापौर निवडून आले, २००८ मध्ये बराक ओबामा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. मग सत्ता मिळाली असे म्हणायचे काय? २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिस्थिती बदलल्याचे कारण देऊन त्याच कायद्याचे एक महत्त्वाचे कलम रद्द ठरवले. पावसात भिजत नाही म्हणून छत्री टाकून देण्यासारखे हे आहे, अशा आशयाचे मत न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधात नोंदवले. २०२३ मध्ये विद्यापीठ प्रवेशांत वंशाचा विचार करण्याची पद्धत न्यायालयाने अवैध ठरवली. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या प्रकरणात क्लॅरेन्स थॉमस आणि केतांजी ब्राउन जॅक्सन हे दोन्ही कृष्णवर्णीय न्यायमूर्ती परस्परविरुद्ध बाजूंना होते. एकाने राज्यघटना रंग पाहत नाही असे म्हटले. दुसरीने संपत्ती आणि आरोग्य यांतील पिढीजात दरी दाखवली. सत्तास्थानी कोण बसले आहे, एवढ्यावरून सत्तेचा प्रश्न सुटत नाही, हे यावरून दिसते.

हे सर्व मी वर्गात सांगू शकतो. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाने मात्र मला माझ्या घरी नेले. आमच्याकडे एक सालगडी होते. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. ते आजारी पडले, तेव्हा आजीने त्यांच्यासाठी पेज करून पाठवल्याचे मला आठवते. त्यांची कपबशी पडवीतल्या कोनाड्यात वेगळी असे आणि ती विसळून ते स्वतःच पालथी घालून ठेवत. घरात कोणीही त्यांचा द्वेष करीत नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी माझ्या प्रबंधासाठी ‘द्वेष’ असलेला शब्द निवडला, त्यात या आठवणीला बाहेर ठेवण्याची सोय नव्हती काय, असे आता स्वतःला विचारावे लागते.

‘वंशवाद’ हा पर्यायही निर्दोष नाही. ‘वाद’ म्हटले की तो एखाद्या विचारप्रणालीचा पुरस्कार वाटतो आणि कोनाड्यातल्या कपबशीला विचारप्रणाली लागत नाही. प्रबंध ग्रंथरूपाने छापावा, असे स्नेही सुचवतात. एक शब्द काढून दुसरा घालण्याचे काम एका दिवसाचे आहे, असा माझा समज होता. परंतु प्रत्येक ठिकाणी आपण मनाविषयी बोलत होतो की सत्तेविषयी, हे आधी ठरवावे लागते आणि बहुतेक ठिकाणी मला ते ठाऊक नव्हते, असे दिसून येत आहे. तूर्त दुसऱ्या प्रकरणापर्यंत आलो आहे.