राख आणि बुक्का

सांगोला,
१४ फेब्रुवारी २०२४, रात्री

प्रिय,

सकाळी समोरच्या काकूंनी दारातूनच विचारलं, "पंढरपूरला जाऊन आलात वाटतं?" कपाळावरची राख त्यांना बुक्का वाटली. मी म्हणालो, "ती गेलीय."

गेल्या झावळ्यांच्या रविवारची झावळी आपण फळीमागे खोचून ठेवली होती ना, तीच आज जाळली, तुझ्या आमटीच्या वाटीत. काडी लावताच भुरकन पेटली आणि तळाला चिमूटभर राख उरली. बोटावर घेऊन बघितली. तुझ्या बाबांच्या डबीतल्या बुक्क्यासारखीच काळी आणि मऊ. बुक्क्याला सुगंध असतो, हिला धुराचा वास. एकटाच बसून प्रार्थना केली, स्वतःच्याच हाताने क्रूस काढला. आपण मातीचे आहोत याची आठवण म्हणून ही राख लावतात, हे तुला लग्नाआधी सांगितलं होतं, तेव्हा तू म्हणाली होतीस, "हे तर आमचे बाबा रोज म्हणतात."

महाबळेश्वरला जाण्याच्या बेतावरून मी दोन दिवस तुझ्याशी धड बोललो नाही, त्याची माफी मागायची आहे. व्हॅलेंटाइन डे आपला दोघांचाच असावा असा माझा हट्ट होता. तू म्हणालीस, त्याच दिवशी वसंत पंचमी आहे, विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न, आईला न्यायचंय. मला ते लागलं. आणि माझ्या उपासकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवारही हाच, हे माझ्या ध्यानातही नव्हतं! व्हॅलेंटाइन डे आणि राखेचा बुधवार क्वचितच एकत्र येतात. १९४५ नंतर एकदम २०१८ मध्ये आले, मग यंदा, पुढे २०२९ मध्ये येतील. ज्या श्रद्धेचा मी एवढा अभिमान बाळगतो, तिचा दिवस मी विसरलो आणि तुझा मात्र तुला पाठ होता.

दुपारी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' काढलं. त्यांचे यजमान, कवी टिळकांनी १८९५ च्या १० फेब्रुवारीला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर मोडलं. लक्ष्मीबाई त्या ताटातुटीत राहिल्या कुठे, तर पंढरपुरात. इथून तीसेक किलोमीटरवर, आज तू आहेस तिथेच. नवरा दुसऱ्या देवाकडे गेलेला, आणि ही बाई विठोबाच्या गावात. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, तरी सोवळं सोडलं नव्हतं, स्वयंपाक वेगळा. टिळकांसारख्या तापट माणसाने ते चालवून घेतलं, हे मला त्यांच्या सगळ्या कवितांपेक्षा मोठं वाटतं.

१९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. आपल्या पहिल्या वर्षी हे पुस्तक मी तुझ्या हातात दिलं, तेव्हा माझं लक्ष त्याच पानावर होतं. तुला ते कळलं असणार. तू पुस्तक वाचून काढलंस आणि एवढंच म्हणालीस, "किती खरं लिहिते ही बाई." त्या पानाबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. मीही पुन्हा विषय काढला नाही, पण मनातून तो गेला नव्हता. आज गेला. आपण विशेष विवाह कायद्याने लग्न केलं, तीस दिवसांची नोटीस लागली होती, ती कुणीही येऊन वाचू शकत होतं. तेव्हा तू घाबरली नाहीस. त्या कागदावर तू जशी होतीस तशीच मला हवी आहेस. प्रभूपाशी मी तुझ्यासाठी रोज मागतो, ते तुझं सुख मागतो. तू बदलावीस असं यापुढे मागणार नाही.

फोनवर तू सांगितलंस, देवांच्या अंगावर पांढरा पोशाख होता, आई रुक्मिणीच्या देवळात बराच वेळ उभ्या राहिल्या. तिचं देऊळ वेगळं का, हे तूच मला सांगितलं होतंस. ती रुसून दिंडीरवनात आली, आणि तिला शोधत देव आला. मीही येतो. शुक्रवारी सकाळच्या एसटीने. आईंसाठी इथली घोंगडी घेतो, त्यांच्या पायाला थंडी बाधते.

बागेची पानगळ नीट झाली, छाटणी उरकली. तुझे बाबा म्हणतात, ताण पुरेसा बसलाय, आता पाणी द्या. मी त्यांना म्हटलं, दोन दिवस थांबू. दोघं मिळून परत येऊ, मग तूच ठिबकचा कॉक उघड. गेल्या बहाराचं पहिलं पाणीही तुझ्याच हातचं होतं.

वाटी घासून ठेवलीय. उरलेली राख तुळशीत घातली.

आई-बाबांना नमस्कार.

तुझाच