सात दिवसांचा क्यूब

हॉस्टेलवर बातम्या तीनच प्रकारच्या असतात. कोणाचा कॅम्पस झाला, कोणाला केटी लागली आणि कोणाचं कोणाशी जमलं! यापलीकडे जगात काही घडतं यावर विश्वासच बसू नये, असं ते वय असतं. आमची सिव्हिलची बॅच २००१ साली बाहेर पडली, त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. आजही आम्ही एकमेकांच्या बातम्या तितक्याच चवीने ऐकतो. फक्त बातम्यांची जात बदलली. कोणाच्या मुलीची बारावी, कोणाच्या वडिलांचा गुडघा, कोणाचं प्रमोशन, कोणाची शुगर. चौघं जमले की पहिली दहा मिनिटं गोळ्यांच्या नावांची देवाणघेवाण होते. याच मंडळींनी एकेकाळी फीस्टच्या दिवशी मेसवाल्याला रडकुंडीला आणलं होतं, हे सांगूनही कोणाला खरं वाटणार नाही.

मित्रांची नावं इथे लिहीत नाही. हॉस्टेलवर तसंही आम्ही एकमेकांना गावावरून नाहीतर रोल नंबरवरून हाका मारायचो. तेच चालू ठेवतो.

आमचं शेवटचं वर्ष चमत्कारिक गेलं. २६ जानेवारी २००१ ला झेंडावंदन करून परतलो आणि थोड्याच वेळात टीव्ही रूममध्ये भूजच्या भूकंपाच्या बातम्या सुरू झाल्या. अहमदाबादच्या, खाली पार्किंगसाठी नुसते खांब सोडलेल्या इमारती बसल्या होत्या. त्या आठवड्यात सरांनी सिलॅबस बाजूला ठेवला आणि 'सॉफ्ट स्टोरी' म्हणजे काय ते शिकवलं. वर्ग इतका शांत आम्ही आधी कधी पाहिला नव्हता. दुसरीकडे आयटीत मंदी आली होती. सिव्हिलची अर्धी पोरं सी प्लस प्लसचा क्लास लावून बसलेली, आणि ज्यांच्या हातात ऑफर लेटर होतं त्यांच्या जॉइनिंगच्या तारखा पुढे पुढे चाललेल्या.

सिव्हिलवाल्यांना क्यूब टेस्ट सांगायला नको. इतर ब्रँचसाठी सांगतो. काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे चौकोनी ठोकळे भरायचे, पाण्यात ठेवायचे आणि काही सातव्या दिवशी, काही अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनखाली फोडायचे. सातव्या दिवशी साधारण दोनतृतीयांश ताकद येते, त्यावरून पुढचा अंदाज बांधायचा. कॅम्पस इंटरव्ह्यू हा आमचा सात दिवसांचा क्यूब होता. त्याच्या जोरावर आम्ही एकमेकांच्या पुढच्या चाळीस वर्षांचे रिझल्ट लावून मोकळे झालो होतो!

त्या रिझल्टांचं काय झालं ते बघा.

आमच्या सांगोल्याच्या मित्राला चार केट्या होत्या. त्याला कॅम्पसला कोणी दारातही उभं केलं नाही. पास झाल्यावर तो सरळ कच्छला गेला. भूकंपानंतर तिथे घरं, शाळा बांधायची कामं निघाली होती. तंबूत राहून त्याने तीन वर्षं साइट सांभाळली. मग वडील आजारी पडले म्हणून गावी आला आणि डाळिंब लावलं. पाच-सहा वर्षं बरी गेली. नंतर बागेत तेल्या घुसला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, तेल्या म्हणजे फळावर तेलकट काळे डाग पाडून बागच्या बाग घालवणारा रोग. त्याने अर्धी बाग स्वतःच्या हाताने उपटली. आता तो उरलेली बाग बघतो आणि पंचक्रोशीत शेततळी आणि ठिबकची कामं करतो. "चार वर्षं हायड्रॉलिक्समध्ये नापास झालो, आता त्याच्यावरच पोट आहे," असं तो सांगतो आणि स्वतःच मोठ्याने हसतो.

आमचा टॉपर अमेरिकेत आहे. त्याच्या शीटवर जीटी मारून निम्म्या हॉस्टेलचं सबमिशन पार पडलं होतं. काचेखाली दिवा लावून आम्ही त्याच्या रेषा गिरवायचो, आणि तो बिचारा "अरे, निदान टायटल ब्लॉकमधलं नाव तरी बदला" म्हणत फिरायचा. दिवाळीला त्याचे ग्रँड कॅनियनचे फोटो आले. घर छान, गाडी छान. फोनवर तासभर बोलल्यावर मात्र खरी बातमी निघाली. ग्रीन कार्डसाठी त्याचा अर्ज २०१५ साली लागला आणि तो अजून रांगेतच आहे. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे, आणि भारतातून अर्ज करणाऱ्यांची संख्या केवढी! मुलगी पुण्यात जन्मलेली, दीड वर्षाची असताना तिकडे गेली. आता एकोणीस पूर्ण. एकविशीनंतर आईवडिलांच्या अर्जाचा आधार सुटला की तिला तिथे राहायला स्वतःचा वेगळा मार्ग शोधावा लागेल. "तिला मराठी समजतं रे, पण तिचं गाव तेच आहे," तो म्हणाला. त्यावर काय बोलायचं ते कोणत्याच विषयात शिकवलेलं नाही.

नाशिकचा मित्र २००४ साली दुबईला गेला. आमच्या बॅचचा पहिला 'फॉरेन रिटर्न' तोच. पण २००९ ला तिथली बांधकामं थंडावली आणि तो दोन बॅगा घेऊन परत आला. घरात तान्हं मूल, हातात नोकरी नाही. त्याने मटेरियल टेस्टिंगची छोटी लॅब काढली. सुरुवातीला क्यूब स्वतः स्कूटरवर घालून आणायचा. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर सलग झाले, तेव्हा आईवडिलांना गाडीत घालून नागपूरपर्यंत घेऊन गेला. वडील वाटभर विचारत होते, "यातलं तुझं काय?" तो म्हणाला, "काही नाही, पण बघा तरी!"

आमच्या वर्गात मुली सहाच. त्यातली एक डिझाइनमध्ये अतिशय हुशार. २००६ ला मुलाच्या वेळी तिने नोकरी सोडली आणि २०१७ ला पुन्हा स्ट्रक्चरल ऑफिसात उभी राहिली. मधल्या काळात स्टीलचा कोड २००७ साली वर्किंग स्ट्रेसवरून लिमिट स्टेटवर गेलेला, भूकंपाचा कोड २०१६ साली नवा आलेला. म्हणजे आम्ही ज्या पद्धतीने स्टीलचा पेपर लिहिला ती पद्धतच मागे पडलेली! मुलगा सहावीच्या गणिताला बसला की ही शेजारी कोड घेऊन बसायची. इंटरव्ह्यूत सगळ्यांनी गॅपबद्दल विचारलं, कोडबद्दल एकानेच. जिथे कोडबद्दल विचारलं तिथे तिने नोकरी धरली. आज तिच्या हाताखाली नऊ मुलं काम करतात.

प्रवासाच्या बातम्या तर विचारू नका. एकजण लडाखला बुलेटवर गेला आणि कंबर धरून आला. सार्वजनिक बांधकाम खात्यातले आमचे साहेब दर आषाढीला रजा टाकून दोन मुक्काम वारीत चालतात. एकाने बायकोमुलांना अटल सेतू दाखवायला नेलं आणि साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून जाताना फाउंडेशनवर लेक्चर दिलं. मुलं झोपून गेली.

पण या सगळ्या सांगता येण्यासारख्या बातम्या. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आम्ही सांगोल्याला शेतावर जमलो, तेव्हा रोल नंबर ४१ आला नाही. "साइटवर आहे" एवढाच निरोप. तो कॉन्ट्रॅक्टर. सर्व्हे कॅम्पला थिओडोलाइट खांद्यावर टाकून सगळ्यांच्या पुढे चालणारा. परतीच्या वाटेवर दोघांनी त्याच्या गावी गाडी वळवली. तो साइटवर नव्हता, घरात बसून होता. दोन कामांची बिलं अडकलेली, वर कर्ज, बायकोचे दागिने गहाण, आणि फोन वाजला की छातीत धडधड. इतकी वर्षं कोणाला काहीच का बोलला नाहीस, असं विचारल्यावर म्हणाला, "चांगली बातमी नव्हती रे. मग सांगणार काय?"

नाशिकवाल्याने त्याला लॅबच्या फिल्डच्या कामावर घेतलं. सांगोल्याच्या मित्राने बँकेत सोबत जाऊन हप्ते नव्याने बांधून घेतले. कर्ज अजून फिटलेलं नाही. पण तो झोपतो, आणि चिडवलं की उलट शिवी देतो. आमच्या दृष्टीने तब्येत उत्तम!

त्यानंतर आम्ही एक पद्धत पाडली. एकीच्या ट्रंकेत बीईचा हजेरीपट सापडला. ठरलं असं, की महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाने आपल्या पुढच्या रोल नंबरला फोन करायचा. १ ने २ ला, २ ने ३ ला. डिप्लोमावाले सेकंड इयरला आले, त्यांचे नंबर ६१ ते ६६. ६६ ने परत १ ला. प्रश्न तीनच. घरचे कसे आहेत? झोप लागते का? पैशाचं काही अडलंय का? तिसरा प्रश्न विचारायला सुरुवातीला जीभ रेटत नाही. नंतर रेटते. गंमत म्हणजे रोल नंबर आडनावाप्रमाणे, त्यामुळे चार वर्षांत ज्याच्याशी चार वाक्यं बोललो नाही तो बरोबर वाट्याला येतो. टॉपरला फोन करणारा त्याच्याच शीटवर जीटी मारून सुटलेला निघाला!

या साखळीत एक जागा रिकामी आहे. रोल नंबर ३४ एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. ३३ आता ३५ ला फोन करतो. पण तारीख आली की ३३ आधी ३४ च्या घरी फोन लावतो, वहिनींशी आणि मुलाशी बोलतो. हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. तो मुलगा यंदा बारावीला आहे आणि सिव्हिलच घेणार म्हणतोय. आम्ही ६५ जण त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न करतोय, पण ऐकत नाही!

तेव्हा मित्रांनो, पीएल लागायच्या आधी एक काम करा. तुमच्या वर्गाच्या हजेरीपटाची एक झेरॉक्स काढून ठेवा. ऑफिसातले काका आधी नाही म्हणतील, पण चहा पाजला की देतात.