डिकीतली ज्वारी आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा



दिवाळी झाली की आमच्या आक्कांना, म्हणजे सासूबाईंना, माहेरच्या बाजूची ओढ लागते. या वर्षी त्यांनी कुंभोजच्या बाहुबलीला जायचं काढलं. चार वर्षं झाली जाऊन. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे धरलेले, पण डोंगरावर त्या २८ फुटी मूर्तीसमोर एकदा उभं राहायचंच, असा हट्ट. मीरा रोडहून कुंभोज जवळजवळ ४०० किलोमीटर. शनिवारी पहाटे निघायचं, दशम्या-चटणी बरोबर घ्यायची आणि सूर्यास्ताच्या आत पोहोचायचं, असं ठरलं. आक्का सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत, त्यामुळे वाटेत कुठे अडकून चालणार नव्हतं. हे कामानिमित्त बाहेरगावी असल्याने गाडी मीच चालवणार होते.

आणि मंगळवारी गाडीने घात केला.

ठाण्याहून परत येत होते. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर नेहमीसारखी रांग लागलेली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत होते. एकदम गाडी लटपटायला लागली. शिलाई मशीनच्या सुईत दोरा अडकला की हाताखाली थाड थाड लागतं ना, तसं. अॅक्सिलरेटर दाबावा तर जोर नाही. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, आणि तो नुसता लागला नाही, उघडझाप करायला लागला. चढ संपल्यावर उघडझाप थांबली, पण दिवा तसाच राहिला. काशीमिरापर्यंत जीव मुठीत धरून आणली. पार्किंगमध्ये उभी केली तेव्हा मागून उग्र, न जळलेल्या पेट्रोलचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. मुलाने स्टिअरिंगखाली यंत्र जोडलं, दोन कोड निघाले, पी ०४२० आणि पी ०३००. म्हणाला, "मॅडम, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय. बदलावा लागेल." कागदावर आकडा लिहून दिला, ५८ हजार. वर मजुरी वेगळी. आमची गाडी २०१६ ची. विकली तर काय येतील, हा विचार आधी मनात आला.

मी विचारलं, "आणि ती लटपट कशाची?"

"कन्व्हर्टर चोक झाला की इंजिन मिसफायर करतं, मॅडम."

उत्तर चुकीचं नव्हतं, हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी एक गोष्ट खटकली. त्याने बॉनेट उघडलंच नव्हतं. मी म्हटलं, विचार करून सांगते, आणि हळूहळू गाडी घरी आणली. (आणायला नको होती. का, ते पुढे सांगते.)

संध्याकाळी माझा भाचा आला. इंजिनिअरिंगला आहे आणि गाड्यांचं वेड आहे. त्याने मला बसवून सगळं समजावलं. मी ते आपल्या भाषेत सांगते, कारण आपल्यापैकी कितीतरी जणी गाडी चालवतात, पण पिवळा दिवा लागला की किल्ली नवऱ्याच्या हातात देतात.

गाडीच्या सायलेन्सरच्या नळीत, इंजिनाजवळ, एक डबा असतो. आत चिनी मातीसारख्या पदार्थाची जाळी असते. आकार थेट मधाच्या पोळ्यासारखा. मधाचं नाव काढलं की आपण कानाला हात लावतो, पण उपमा हीच आहे, माझा इलाज नाही. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा पातळ लेप असतो, म्हणून किंमत एवढी. इंजिनातून येणारा विषारी धूर या जाळीतून जाताना बदलतो. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं पेट्रोल जळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, नायट्रोजनचे ऑक्साइड साध्या नायट्रोजनमध्ये मोडतात. १९९५ मध्ये दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला नव्या पेट्रोल गाड्यांना हा डबा सक्तीचा झाला. त्याच वेळी पंपावर शिसेविरहित पेट्रोल यायला लागलं, कारण शिशाने हा लेप मरतो. आपल्या लहानपणी मुंबईच्या रस्त्यावर डोळे चुरचुरायचे, ते आठवतंय का? आता गाड्या कितीतरी पटीने वाढल्या, तरी प्रत्येक गाडीमागचा धूर पूर्वीइतका जहाल नाही. त्यात या डब्याचा मोठा वाटा आहे.

आता मिसफायर. आमच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. प्रत्येकात पेट्रोल आणि हवा येते, प्लगची ठिणगी पडते, भडका होतो, गाडी पुढे जाते. एकात ठिणगी पडली नाही तर? गॅसची शेगडी आठवा. नॉब फिरवला, लायटर लागला नाही, गॅस मात्र सुटतच राहिला. कच्चं पेट्रोल तसंच पुढे नळीत जातं आणि तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये पोहोचून तिथे पेटतं. डबा नेहमीही काहीशे अंशांवर तापलेला असतोच, पण हा भडका आत व्हायला लागला की तापमान हजाराच्या वर जातं आणि जाळी वितळायला लागते. वितळली की नळी खरोखर चोंदते.

म्हणून दिव्याचे दोन अर्थ. नुसता लागून राहिला, तर दोन दिवसांत दाखवा. उघडझाप करायला लागला, तर या क्षणी कन्व्हर्टर भाजून निघतोय. वेग कमी करा, सुरक्षित जागा बघून थांबा, टोइंगला फोन करा. वाळक्या गवतावर तर मुळीच उभी करू नका, त्या डब्याच्या उष्णतेने गवत पेटू शकतं. मी गायमुखपासून काशीमिरापर्यंत तशीच दामटली, दुसऱ्या दिवशी परत सेंटरला नेली, तिथून घरी आणली. हे सगळं त्या डब्याच्या अंगावर.

भाच्याचं म्हणणं साधं होतं. "मावशी, दोन कोड आलेत. एक दुसऱ्याचा बाप आहे. बाप कोण ते शोधायचं."

त्याने स्वतःचं छोटं ब्लूटूथचं यंत्र लावलं. फोनवर दिसलं की मिसफायरचा कोड आधी आला होता, कन्व्हर्टरचा नंतर. त्या क्षणी इंजिन किती फेऱ्यांवर होतं, किती तापलं होतं, तेही साठवलेलं असतं. गाडी चालू करून थोडं थांबल्यावर तिसरा कोड आला, पी ०३०३. शेवटचा ३ म्हणजे तिसरा सिलिंडर. कन्व्हर्टर चोंदला असता तर चारही सिलिंडर गुदमरले असते आणि वेग वाढवताना जास्त त्रास झाला असता. इथे एकटा तिसरा रुसलेला, आणि लटपट उभ्या गाडीत सर्वांत जास्त. शिवाय कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर एकेक ऑक्सिजन सेन्सर असतो. पुढच्याचा आकडा सतत वरखाली होतो, मागच्याचा स्थिर राहायला हवा. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की गाडी म्हणते, डबा काम करत नाही. पण ज्या सिलिंडरमध्ये काही जळलंच नाही, त्याची हवाही तशीच पुढे जाते आणि मागच्या सेन्सरला गोंधळात टाकते. म्हणजे मिसफायर चालू असताना कन्व्हर्टरबद्दलची तक्रार खरी मानायचीच नाही.

गुरुवारी जवळच्या गॅरेजवाल्यांना घरीच बोलावलं. म्हातारे उस्ताद, कानात पेन खोचलेला. त्यांनी तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल काढून पहिल्यावर लावली, पहिल्याची तिसऱ्यावर. कॉइल खराब असती तर तक्रार पहिल्या सिलिंडरवर सरकली असती. सरकली नाही. मग प्लगची अदलाबदल. तरीही तिसराच. दोन्ही निर्दोष सुटले. मला हे फार आवडलं. नवीन काहीही विकत न आणता, घरातल्याच दोन वस्तू इकडच्या तिकडे करून दोष कुणाचा ते कळतं. मिक्सर बंद पडला की आपण दुसऱ्या प्लगात लावून बघतो, तेच हे.

मग उस्तादांनी कॉइलकडे जाणारी काळी, वळ्यावळ्यांची नळी दोन बोटांत धरून हलवली. इंजिन एकदम शांत झालं. सोडली, पुन्हा लटपट. "भाभी, पकडा गया," म्हणाले. मागच्या अंगाला, सहज न दिसणाऱ्या जागी, नळी कुरतडलेली. आतली एक तार एका धाग्यावर लोंबत होती. बॅटरीच्या बाजूला चिंध्या, नारळाच्या शेंड्या आणि प्लॅस्टिकचे तुकडे जमवून केलेलं घरटं. नशीब, रिकामं होतं.

घरट्याखाली ज्वारीचे दाणे सापडले.

माझी ज्वारी. रोज सकाळी देवळात जाताना पाखरांना टाकायला मी डिकीत पाच किलोची पिशवी ठेवते. कित्येक वर्षांची सवय. पिशवीला खालून भोक पडलं होतं आणि आमच्या जागेखाली दाणे सांडत होते. शेजारीच गटाराची फुटकी जाळी. उंदरांना जेवण आम्हीच घातलं, निवाऱ्याला गरम इंजिनही आम्हीच दिलं. पुण्य म्हणून जे करत होते, त्याने ५८ हजारांचा कागद घरात आणला होता. उस्ताद काही बोलले नाहीत. माझं तोंड मात्र एवढंसं झालं.

सोसायटीत लगेच बातमी फिरली. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, विषाच्या वड्या टाकतो, दोन दिवसांत विषय संपेल." मी नको म्हटलं. थोडं बोलणं झालं. "तुमच्यामुळे उद्या सगळ्यांच्या गाड्या कुरतडतील," असं एक जण म्हणालेच, आणि त्यात तथ्य होतं. नुसतं नको म्हणून भागणार नव्हतं. मग मी त्या दुपारी स्वतः झाडू घेतला, दाणा न् दाणा उचलला. ज्वारी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आणि डबा घरात. गटाराला नवी जाळी आमच्या खर्चाने बसवली. बॉनेटमध्ये कापराच्या वड्या आणि तंबाखूची पानं ठेवायला उस्तादांनी सांगितलं. ठेवली. पण वास चार-सहा दिवसांत उडतो, त्यामुळे त्यावर माझा भरवसा नाही. खायला नसलं आणि वाट बंद असली तर उंदीर आपोआप दुसरीकडे जातो. गाडी दोन-तीन दिवसांआड चालवावी, हेही तितकंच खरं.

तार जोडून, टेप आणि नवी नळी घालून उस्तादांनी ९०० रुपये घेतले. कोड पुसले. मग मी पेट्रोल पंपावर जाऊन पीयूसी करून घेतलं. मुदत संपायला अवकाश होता, पण हे मला सुचलं याचा थोडा अभिमान आहे. त्या चाचणीत न जळलेलं पेट्रोल मोजतातच. आमच्या बीएस-४ गाडीला हायड्रोकार्बनची मर्यादा २०० पीपीएम, आणि आकडा त्याच्या बराच खाली आला. कन्व्हर्टर जिवंत होता. उस्तादांनी गार झाल्यावर डब्यावर हाताने थोपटूनही पाहिलं. आत जाळी तुटली असती तर खुळखुळलं असतं.

कोड पुसला म्हणजे रोग गेला असं मात्र नाही. दिवा विझतो, आणि गाडी पुन्हा सगळं तपासायला घेते. कन्व्हर्टरची तपासणी पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. म्हणून शनिवार हुकवला. आक्का रागावल्या. "एवढी दुरुस्त झालीया म्हणतीस, मग भ्यायचं कशाला?" मी म्हटलं, खंबाटकीच्या घाटात संध्याकाळी उभं राहायला लागलं तर तुम्ही रात्रभर पाण्याशिवाय. मग गप्प बसल्या. मी तो आठवडा मुद्दाम फाउंटन हॉटेल, गायमुख, ठाणे असे फेरे घातले.

पुढच्या शनिवारी पहाटे निघालो. खंबाटकीला माझे डोळे रस्त्यावर कमी आणि दिव्यावर जास्त होते, हे कबूल करते. चार वाजता बाहुबलीच्या पायथ्याशी पोहोचलो. आक्कांना खुर्चीवर बसवून चहा दिला आणि मी भाच्याचं यंत्र लावून पाहिलं. तपासणी पूर्ण, कोड शून्य.

"काय म्हणतीय गाडी?" आक्कांनी विचारलं.

"काही म्हणत नाही."

"मग ते खेळणं ठेव आत. ऊन उतरायच्या आत दर्शन करून येऊ."

परतीच्या दिवशी त्यांनी भाच्यासाठी कोल्हापुरी गूळ घेतला. ढेप डिकीत ठेवायला मी नाही म्हटलं. मीरा रोडपर्यंत ती माझ्या शेजारच्या सीटवर, पट्टा लावून आली.