‘माझें पात्रच तसें !’

सोंग आणणें सोपें, परंतु सोंगानें केलेल्या कर्माचा धनी कोण हें सांगणें मोठें अवघड, असें आम्हांस यंदाच्या उन्हाळ्यापासून वाटूं लागलें आहे.

आमचें गांव उमापूर. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांतलें. सुटींत पुण्याहून भाचरें आलीं म्हणजे पूर्वी ओसरीवर सोंगट्यांचा पट पडे. या खेपेस त्यांच्या पिशवींतून निघाले ते चार, सहा, आठ, बारा, वीस अशा नाना पैलूंचे फांसे. खेळाचें नांव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं रचलेला हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र कल्पून ‘आतां मी अमुक करतों’ असें म्हणतात. बेत साधला कीं फसला हें फांसा ठरवितो. थोडक्यांत, अर्धें नाटक आणि अर्धें द्यूत.

थोरली भाची सूत्रधार झाली. तिनें मोठ्या हौसेनें कथा आमच्याच मुलुखांत आणली. दसरा सरला आहे, ऊसतोडीला निघालेल्या गाड्या गोदाकांठानें चालल्या आहेत, वाटेवर एक राक्षस टपला आहे. त्याच्यापासून गाड्यांचें रक्षण करावयाचें. शेजारचा मुलगा तिरंदाज झाला होता. धाकट्या भाच्यानें मात्र चोराचें पात्र घेतलें, आणि पहिल्याच मुक्कामीं, पहारा करावयाचा सोडून, निजलेल्या गाडीवानाच्या उशाखालचें उचलीचें गांठोडें लांबविलें. फांशावर वीस पडले. भाच्यानें गाडीवानाच्या घोरण्याची अशी नक्कल केली कीं सर्वजण खो खो हंसलीं. खोटें कशाला सांगावें, सर्वांत मोठ्यानें हंसलों ते आम्ही.

शेजारचा मुलगा उठला. “आजी हांक मारतेय,” म्हणाला, आणि गेला. आजीनें हांक मारली नव्हती.

त्याचे आईबाप दर सालीं कोयता घेऊन कारखान्यावर जातात. पांचसहा महिने तो आजीपाशीं राहतो. ‘उचल’ हा पुण्याच्या मुलांना गोष्टींतला एक गंमतीचा शब्द होता. त्याच्या घरीं तो शब्द दसऱ्याच्या आधीं येतो. मुकादमाकडून जोडप्यानें आगाऊ पैसे घ्यावयाचे, ते ऊस तोडून फेडावयाचे, आणि नाहीं फिटले तर बाकी पुढच्या सालावर. ती रक्कम चोरीला जाणें म्हणजे काय, हें त्या ओसरीवर त्याला एकट्यालाच कळलें होतें.

भाच्याला बोलावून आम्हीं विचारलें. तो म्हणाला, “मामा, मीं कुठें चोरी केली? माझें पात्रच तसें आहे!” आम्हीं धर्मराजाचा दाखला देऊं लागतांच तो म्हणाला, “त्यानें तर पटावर बायको लावली होती.” आम्हांस पुढें कांहीं सुचेना.

रात्रीं विचार करतां वाटलें, पोराचें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. ‘एकच प्याला’ नाटकांतला तळीराम करणाऱ्या नटाला कोणी दारुड्या म्हणत नाहीं. दुष्ट पात्र वर्ज्य केलें तर महाभारतही उरणार नाहीं. पण नटाच्या तोंडीं शब्द कवीनें घातलेले असतात. या खेळांत खेळाडू आपला आपणच कवि असतो. पात्र चोर आहे खरें, पण तें चोर असावें, आणि त्यानें सावकाराला सोडून गाडीवानाला लुटावें, हें कोणीं ठरविलें?

आमच्या लहानपणीं दारीं बहुरूपी येई. फौजदाराच्या वेषांत बेडी घालण्याचा धाक दाखवी आणि शेवटीं हात पसरून बिदागी मागे. तो धाक घरच्या कर्त्याला असे. अंगणांतून जाणाऱ्या मोलकरणीला त्यानें कधीं भिवविलें नाहीं. आमच्या शेजारच्या पैठणास नाथमहाराजांनीं भारुडांतून आंधळा, बहिरा, मुका, कोल्हाटीण अशीं किती सोंगें आणलीं! पण त्या सोंगांच्या तोंडून बोल लागतो तो ऐकणाऱ्याला.

भाचीपुढें निराळाच पेंच होता. “मामा, त्याच्या चोरावर वीज पाडूं का?” तिनें विचारलें. आम्हांस जुना मोक्षपट आठवला. त्यांत सापांस दुर्गुणांचीं नांवें असत. सापाच्या तोंडीं सोंगटी गेली कीं घसरली. पण तेथें नेणारा फांसा. म्हणून घसरणाऱ्याला वाईट वाटे, लाज वाटत नसे. वीज पाडली असती तर भाच्यालाही तेवढेंच वाटलें असतें. बरें, चोरी करावयाचीच नाहीं असा नियम केला, तर खेळाची पाठशाळा होणार. गाडीवानाचा न्याय कथेंतच व्हावा हें उत्तम. परंतु जो ओसरीवरून उठून गेला, त्याचा न्याय कथेंत कसा होणार? तेथें खेळ थांबवून माणसानें माणसाकडेच गेलें पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं दोघें भावंडें त्याच्या घरीं गेलीं. यापुढें कोणती गोष्ट काढूं नये, असें भाचीनें त्याला विचारलें. तो म्हणाला, “काढा कीं. फक्त हंसूं नका.” आणि मग, “आज गाडीवान मी होतों.”

संध्याकाळीं त्याचा गाडीवान जागा झाला. त्यानें आरडाओरडा केला नाहीं. चोराला इतकेंच विचारलें, “पैसे गेले, पण फेडायचे तर मलाच ना?” भाच्यानें फांसा हातांत घेतला, आणि खाली ठेवला. “मी गुपचूप परत ठेवतों,” तो म्हणाला. गाडीवान म्हणाला, “गुपचूप नको. तूं नेले असं सगळ्या गाड्यांपुढं सांग.” बराच वेळ गेला. मग भाच्यानें सांगितलें. तें चोरानें सांगितलें कीं भाच्यानें, हें त्याच्या तोंडाकडे पाहून आम्हांस ओळखतां आलें नाहीं.

राहतां राहिलें आमचें हंसणें. आम्हीं कोणतेंच पात्र घेतलें नव्हतें. तेव्हां तें कोणावर ढकलावयाचीही सोय नव्हती. सकाळीं तो विहिरीकडे जात असतां आम्हीं त्याला थांबवून चूक कबूल केली. “असूं द्या काका,” म्हणून तो घागर घेऊन पुढें गेला. ती क्षमा होती, कीं वडील माणसाला अधिक बोलूं न देण्याची रीत होती, हें आम्हांस अजून उमगलेलें नाहीं.