पाठीवरची बॅग

फेब्रुवारीत आईला घेऊन तिरुपतीला जायचं ठरलं आणि मी कामाला लागले. तिकिटांच्या नाही, तिकिटं एका संध्याकाळी झाली. बॅगेच्या.

मोठी बॅग घरात होतीच. प्रश्न होता दिवसभर अंगावर राहणाऱ्या बॅगेचा. पाण्याची बाटली, गोळ्या, चार्जर, आधार कार्डं, आईचा चष्मा, दशम्या आणि एक शाल एवढं तिच्यात मावायला हवं होतं. शिवाय ती ऑफिसच्या लॅपटॉप बॅगेसारखी दिसता कामा नये. फोटो येणार होते. अठ्ठावीस वर्षांत आई आणि मी दोघीच असे पहिल्यांदा कुठे निघालो होतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे कुठलीही गोष्ट करण्याआधी रिक्वायरमेंट लिहून काढतात. मीही एक्सेल उघडलं. एकोणीस बॅगा, अकरा रकाने. लिटर, वजन, कप्पे, कापड, चेन, पट्टे, किंमत, रंग वगैरे. दोन रात्री त्यात गेल्या, पण बरंच कळलं. बॅगेच्या कापडावर ६०० किंवा १००० डेनियर असं लिहिलेलं असतं. म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं वजन तितके ग्रॅम. आकडा मोठा तर धागा जाड, म्हणून बॅग टिकाऊ; पण जाड म्हणजे जडही. दिवसभर वागवायची बॅग रिकामीच सव्वा किलोची असेल तर संध्याकाळी खांदे बोलतात. लिटरचा हिशोबही फसवा. दोघींच्या दिवसभराच्या सामानाला अठरा-वीस लिटर पुष्कळ होतात. तीस लिटरची घेतली की माणूस तीस लिटर भरतोच. कापड सहसा फाटत नाही, आधी मरते ती चेन, नाहीतर पट्टा जिथे शिवलाय तो सांधा. म्हणून बॅग आतून उलटी करून तिथले टाके बघायचे. दाट, आडवे-उभे असतील तर ठीक.

एवढं शिकून मी एक बॅग नक्की केली. खाकी कॅनव्हासची, वरून गुंडाळून बक्कल लावायची. इन्स्टाग्रामवर डोंगरात फिरणाऱ्या मुलींच्या पाठीवर असते तशी. मागवली आणि शनिवारी ती घेऊन घरी, देऊळगाव राजाला आले.

पप्पांनी ती हातात घेतली. पप्पा एसटीत कंडक्टर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पस्तीस वर्षं त्यांच्या खांद्यावर चामड्याची बॅग होती. निवृत्तीला ती आगारात जमा केली, पण उजवा खांदा अजून थोडा वर उचललेला असतो, पट्टा घसरू नये म्हणून.

“एका हातानं उघडून दाखव,” पप्पा म्हणाले.

उघडेना. बक्कल काढायला एक हात, गुंडाळी सोडायला दुसरा.

“चालत्या गाडीत एक हात दांडीला असतो, बेटा. उरतो एकच.”

मग त्यांनी मला त्यांच्या बॅगेचं शास्त्र सांगितलं. एवढ्या वर्षांत मी ते कधी विचारलंच नव्हतं. चिल्लर एका कप्प्यात, दहा-वीसच्या नोटा दुसऱ्यात, मोठ्या नोटा आत अंगाच्या बाजूला. अंधारात, गर्दीत, घाटात, न बघता हात बरोबर जागी गेला पाहिजे. रात्री वेबिल आणि रोकड जुळली नाही तर फरक स्वतःच्या खिशातून भरायचा. “म्हणून बॅग कायम पुढं. पोटावर. मागची बॅग आपली नसते.”

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. पप्पांकडून नव्हे. कुणाकडून, ते आठवेना.

आईकडे स्वतःची बॅग कधी नव्हतीच. आमच्या भागात शेडनेट खूप, भाजीपाल्याच्या बीजोत्पादनाची. सोयाबीनचं बियाणं तर घरोघर. त्यामुळे बियाण्याच्या रिकाम्या बॅगा घरात पडलेल्याच असायच्या. आई त्या उसवून, धुऊन, बंद लावून पिशव्या शिवायची. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा गल्लीतल्या अर्ध्या बायका आईच्या पिशव्या घेऊन बाजारात दिसायच्या. पण पिशवी सामानाची. पैसे रुमालाच्या गाठीत, गाठ ब्लाउजमध्ये. चावी कमरेला. गोळी लागली तर पदराला. स्वतःचं म्हणून जे काही होतं ते आई अंगावर लपवून वागवायची.

आजोबांचं तसं नव्हतं. त्यांच्याकडे पंढरपूरच्या वारीची पडशी होती. पडशी न पाहिलेल्यांसाठी सांगते. लांब कापड, दोन्ही टोकांना पिशव्या, मध्ये खांद्यावर टाकायची. एक पिशवी छातीवर, एक पाठीवर, वजन दोन्हीकडे सारखं. मागे धोतरजोडी, पुढे भाकरी आणि पोथी. चेन नाही, बक्कल नाही, दोन्ही हात मोकळे. माझ्या एकोणीस बॅगांपैकी एकीतही ही अक्कल नव्हती. शब्दसुद्धा किती होते आपल्याकडे. पानसुपारीची कप्प्याकप्प्यांची चंची, न्हाव्याची धोकटी, पैशांचा कसा, बाईचा बटवा. बाईच्या वाट्याला आलेला त्यातला सगळ्यात लहान, आणि तोही कमरेला खोचलेला.

खाकी बॅग परत पाठवली. शोध पुन्हा सुरू. या वेळी आईला जवळ बसवून फोन दाखवत होते.

“रंग मळखाऊ घे,” ती म्हणाली.

मळखाऊ. माझ्या लहानपणीचे सगळे कपडे, दप्तरं, चपला मळखाऊ. तपकिरी, करडा, गडद निळा. मळ दिसू नये आणि आपणही दिसू नये, असे रंग. माझं बोट मोहरीच्या पिवळ्या रंगावर थांबलं होतं.

“हा?” आई म्हणाली. “काहून बाई? लांबून दिसन.”

“दिसू दे.”

आई काही बोलली नाही. मी ‘ऑर्डर करा’वर टिचकी मारली. वीस लिटर, सहाशे डेनियर, रिकामं वजन सहाशे ग्रॅम, मुख्य चेन एका हाताने उघडणारी. पाठीला टेकतो त्या बाजूला एक चोरकप्पा, पैशांसाठी. पप्पांच्या आतल्या कप्प्यासारखा, अंगाच्या बाजूला.

बॅगेत काय काय भरायचं ते शोधताना माळ्यावर माझी कॉलेजची जुनी बॅग सापडली. गडद निळी, अर्थात. जालन्याला इंजिनिअरिंग केलं चार वर्षं, रोज अपडाऊन. सकाळची एसटी ठरलेली. पासावर जायचं, सगळे कंडक्टर पप्पांचे मित्र, त्यामुळे त्या गाडीत मी कुणाची पोरगी आहे हे सगळ्यांना माहीत. संध्याकाळी मात्र प्रॅक्टिकल लांबलं की ती गाडी चुकायची. मग मिळेल ती खासगी गाडी. उभ्यानं, कोंबून.

दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरातली गोष्ट. बॅग पाठीवर होती. बॅग आणि मी यांच्यामध्ये एक हात आला. आधी वाटलं गर्दी आहे. मग कळलं गर्दी नाही. पुढे सरकायला जागा नव्हती. एका गावाची पाटी गेली, मग पुढचं एक गाव गेलं, आणि मी एक शब्द बोलले नाही. देऊळगावला उतरले तेव्हा पाय थरथरत होते. वळून तोंडही बघितलं नाही. आजही तो माणूस समोर आला तर मला ओळखता येणार नाही.

घरी सांगितलं नाही. पप्पांना तर नाहीच. ते भांडायला गेले असते, आणि भांडण संपल्यावर म्हणाले असते, उद्यापासून नको जाऊ. रागावून नाही, काळजीनं. आमच्या वर्गातल्या दोन मुलींचं शिक्षण असंच काळजीनं थांबलं होतं. तेव्हा मला डिग्री हवी होती, न्याय नको होता. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

माळ्यावरची ती बॅग झटकताना पट्ट्यांकडे लक्ष गेलं. दोन्ही पट्टे एका जागी दुमडून आखूड केलेले. जाड काळ्या दोऱ्याचे हाताचे टाके, एकावर एक, उसवू नयेत असे. मला आठवलं, एका सकाळी बॅग उचलली तर पट्टे लहान झालेले. पाठीवर नीट बसेना. चिडून आईला विचारलं तर म्हणाली, “पुढं अडकव. मागची बॅग आपली नसते.” मला वाटलं, पाकीटमारांना घाबरते. त्या दिवसापासून मी बॅग छातीवर घेऊ लागले. त्याची इतकी सवय झाली की पुण्यात, एसी ऑफिसबसमध्येसुद्धा, मी बॅग पुढे घेऊनच बसते. मैत्रिणी हसतात, बाळ घेऊन बसल्यासारखी दिसतेस म्हणतात.

जालन्याहून पहाटेची देवगिरी एक्स्प्रेस, सिकंदराबादला गाडी बदलून पुढे तिरुपती, असा आमचा प्रवास. प्लॅटफॉर्मवर गाडी लागली, गर्दी दाराकडे सरकली आणि माझे हात आपोआप हलले. मोहरीच्या रंगाची नवी कोरी बॅग पाठीवरून काढून छातीवर. शेजारी आईनंही पर्स नसलेला हात दुमडून कोपर बाहेर काढलं होतं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

परभणी गेल्यावर मी विचारलं. “आई, ते पट्टे तू कधी आखूड केले होते?”

ती खिडकीबाहेर बघत होती. “तू त्या दिवशी दोनदा अंघोळ केली,” ती म्हणाली. “थंडीत. मला समजलं.”

“मग विचारलं का नाही?”

“विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं. तू सांगितलं असतं तर मला ह्यांना सांगावं लागलं असतं.” थोडं थांबून म्हणाली, “कॉलेज बंद झालं असतं, बाई.”

म्हणजे आम्ही दोघींनी एकच गणित स्वतंत्रपणे मांडलं होतं आणि उत्तरही एकच आलं होतं. फरक इतकाच, मी गप्प बसले आणि तिनं गप्प बसून सुई-दोरा काढला.

मग तिनं तिचंही सांगितलं. लग्नाआधी ती चिखलीला शिवणक्लासला जायची. हाताच्या मुठीत पिन धरून. उघडी. “एकदाच टोचली. पण चार वर्षं धरली.” हे तिनं इतक्या सहज सांगितलं की समोरच्या बर्थवरच्या काकूंनी मान डोलावली, जणू भाजीची कृती ऐकली.

देऊळगाव राजात वाढलेल्या माणसाला बालाजी नवा नसतो. आमच्या गावच्या बालाजीला प्रतितिरुपतीच म्हणतात, दसऱ्याच्या सुमारास यात्रा भरते, लांबून लोक येतात. आईनं आयुष्यभर त्या यात्रेत पाहुण्यांच्या पोळ्या लाटल्या. मूळ बालाजी एकदा बघायचाय, चालत चढून बघायचाय, एवढं तिचं मागणं होतं.

अलिपिरीपासून साधारण नऊ किलोमीटर, ३,५५० पायऱ्या. पायथ्याशी देवस्थान मोठं सामान फुकट ठेवून घेतं आणि वर पोचवतं. मोठी बॅग दिली. उरली पिवळी. निम्मं ओझं चालता चालता कमी झालं, पाणी पिऊन आणि दशम्या खाऊन. बॅगेनं आपलं काम केलं. चेन एका हाताने उघडली, चोरकप्प्यातलं आधार कार्ड घामाने भिजलं नाही. बाटलीचा कप्पा मात्र उथळ निघाला. वाकलं की बाटली घरंगळते. घेताना तोही रकाना ठेवा.

हजारेक पायऱ्यांवर आई थांबली. मला वाटलं गुडघा. ती म्हणाली, “दे ती बॅग.”

“अगं, मी घेते.”

“दे.”

मी तिच्या खांद्यांवर पट्टे चढवायला लागले. सवयीने बॅग पुढून घालत होते. तिनं माझा हात बाजूला केला आणि बॅग पाठीवर घेतली. पट्टे खाली ओढून बसवले, पदर खोचला.

“पुढं नको?” मी विचारलं.

“तू चाल ना मागं,” ती म्हणाली आणि चढायला लागली.

मी मागे राहिले. पायऱ्यांवर भरपूर गर्दी होती, कुणी गोविंदा गोविंदा म्हणत होतं, कुणी प्रत्येक पायरीला कुंकू लावत होतं. त्या सगळ्यांत ती मोहरीची बॅग लांबून दिसत होती. मी एक फोटो काढला. त्यात आईचा चेहरा नाही, पाठ आहे.

वर दर्शनाच्या रांगेत मोबाइल चालत नाहीत, म्हणून तो बॅगेत टाकून बॅग काउंटरवर जमा केली. टोकन आईनं घेतलं. रुमालाच्या गाठीत बांधलं. काही गोष्टी एका प्रवासात बदलत नाहीत.

बॅग माझ्याकडे परत आलेली नाही. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आई आता मावशीकडे चिखलीला आणि मामाकडे जालन्याला उठसूट जाते. पप्पा सांगतात, ती बॅग घेते आणि निघते. मागे घेते की पुढे, ते मी विचारलं नाही. गाडी कोणती, गर्दी किती, शेजारी कोण, हे बघून ती ठरवत असेल.

मी पुन्हा एक्सेल उघडलंय. या वेळी रंगाचा रकाना सगळ्यात आधी आहे.