बंदराच्या तोंडाशी दरी

मॉस लँडिंग, कॅलिफोर्निया
ऑगस्ट, रविवार रात्र

तीर्थरूप बाबांस,


आज बोटीने समुद्रात जाऊन आले. ऑगस्ट असूनही अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी. आपल्या मालवणाहून खोल पाणी गाठायला किती आत जावे लागते ते तुम्हाला माहीत आहेच. इथे बंदराच्या तोंडाशीच समुद्रतळात दरी सुरू होते आणि पुढे साडेतीन हजार मीटरहून खोल जाते. वसंतापासून वायव्येचा वारा वरचे पाणी बाहेर लोटतो आणि तळचे गार, कसदार पाणी वर येते. त्यात सूक्ष्म शेवाळ माजते, त्यावर कोळंबीसारखे क्रिल आणि अँचोव्ही मासे पोसतात, आणि त्यांच्या मागावर पक्षी, देवमासे सगळे इथे येतात.

शिअरवॉटर पक्षी तर हजारोंनी होते. काळपट अंग, पंखाची कड लाटेला टेकेल न टेकेल अशी. त्यांची घरटी न्यूझीलंड आणि चिलीच्या बेटांवर, जमिनीतल्या बिळांत. न्यूझीलंडच्या काही पक्ष्यांना यंत्रे बांधून पाहिले, तेव्हा वर्षाचा फेरा सुमारे ६४,००० किलोमीटरचा निघाला. मग एक काळ्या पायांचा अल्बट्रॉस आला, हवाई बेटांकडचा. पंख जवळजवळ न हलवता, नुसत्या वाऱ्यावर चढत-उतरत तो निघून गेला.

बोटीचे नाक म्हणजे घड्याळातले बारा, या हिशेबाने मार्गदर्शक बाई "दोन वाजता!" म्हणून ओरडल्या. तिकडे सी लायन उड्या मारत होते आणि त्यांच्यामधून दोन हंपबॅक देवमासे जबडे उघडून वर आले. त्यांच्या श्वासाला सुकटीचा उग्र वास येतो. सगळे त्या बाजूच्या कठड्याला लागले. मी मात्र थोड्या वेळाने मागे फिरले. कारण दुसऱ्या बाजूला कॉमन मर नावाचा काळा-पांढरा पक्षी पिल्लाला घेऊन पोहत होता. हे पिल्लू तीन आठवड्यांचे होते न होते तोच, उडता येत नसताना, कड्यावरून समुद्रात उडी घेते. पुढचे कितीतरी आठवडे त्याला भरवणे, बुडी मारायला शिकवणे हे काम बाप एकटा करतो. पिल्लू सारखे हाका मारत होते आणि बाप दर हाकेला ओ देत होता. मला आज याहून मोठे काही दिसले नाही.

मोंटेरे, मंगळवार

बाबा, आज गावातल्या जुन्या व्हेलिंग स्टेशनसमोर उभी होते. तिथला पदपथ देवमाशांच्या मणक्यांच्या हाडांनी फरसबंद केलेला आहे. एकोणिसाव्या शतकात इथे देवमासे मारून तेल काढत. कॅलिफोर्नियातले शेवटचे असे केंद्र १९७१ साली बंद पडले, पुढच्याच वर्षी सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा आला, आणि १९९२ पासून हा मोंटेरे उपसागर राष्ट्रीय अभयारण्यात आहे. म्हणून परवा ते दोन हंपबॅक दिसले. कायदा केला आणि तो पाळला, एवढेच त्यामागे आहे.

अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत. इतर समुद्रांतल्यांसारखे ते ध्रुवांकडे जात नाहीत, बारा महिने तिथेच राहतात. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी त्यांतले दोनशेहून अधिक मारले. ओमानच्या किनाऱ्यावर आता शंभरही नसावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ओमानजवळ उपग्रह-यंत्र लावलेली लुबान नावाची मादी २०१७ च्या अखेरीस समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली होती. म्हणजे आपल्या दारातच.

तेव्हा एक काम करा. बंदरावर तुमची तांडेल मंडळी भेटतात, त्यांना सांगा: देवमासा दिसला, जाळ्यात अडकला किंवा किनाऱ्याला लागला, तर तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा, जमल्यास शेपटीचा फोटो काढा आणि वनखात्याला कळवा. शेपटीखालच्या नक्षीवरून एकेक हंपबॅक ओळखता येतो.

तुमची,
मंजू