फक्त चहा

पहिल्या खेपेला माझी दाढ निघाली नाही, ती अर्ध्या कप चहामुळे.

डिसेंबरातली नाशिकची सकाळ. पाण्यात बोट घालवत नव्हतं. इंदिरानगरच्या आमच्या घरात सहाला गॅसवर आधण चढतं, तसं चढलं. दवाखान्यात नऊला पोचायचं होतं. ‘उपाशीपोटी या’ असं चार दिवस आधी बजावलं होतं आणि माझ्या समजुतीप्रमाणे मी उपाशीच होते. चतुर्थीला, एकादशीला उपाशी असते तेव्हाही चहा चालतोच. तो काय खाण्यात धरायचा?

कॉलेज रोडवरच्या त्या दवाखान्यात भूलतज्ज्ञांनी विचारलं, “ताई, सकाळपासून पोटात काय गेलंय?”

“काहीच नाही. फक्त चहा.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “दुधाचा?”

ते चिडले नाहीत. समोर बसवून नीट सांगितलं. साधं पाणी पोटातून दोन तासांत पुढे सरकतं. दूध मात्र पोटातल्या आम्लानं फाटतं, त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून ते जेवणात धरायचं आणि त्यानंतर सहा तास थांबायचं. तळलेलं, तुपकट खाल्लं असेल तर आठ. एरवी अन्नाचा कण चुकून श्वासनलिकेकडे गेला तर ठसका लागतो आणि तो बाहेर पडतो. गुंगीत हा ठसकाच मंदावतो. पोटातलं वर आलं आणि फुप्फुसात उतरलं, तर जिवावर बेतू शकतं. “दाढ आठवड्यानं काढली तरी चालेल,” ते म्हणाले.

रिक्षात मी रडले. चहा प्यायल्याचं नव्हे, गोळा केलेलं बळ वाया गेल्याचं ते रडू होतं. दहा वर्षांची असताना गावाकडे माझा दात काढला होता, सुई दिल्यावर हिरडी पुरती बधिर होण्याआधीच. चार हातांनी मला धरून ठेवलं होतं. तेव्हापासून दाताच्या खुर्चीवर पाठ टेकली की माझे तळहात ओले होतात. आणि आता उजवीकडची खालची अक्कलदाढ एक्स-रेत आडवी झोपलेली दिसत होती, मुळं थेट ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या नळीला टेकलेली. हाड कोरून, दाढेचे तुकडे करून काढावी लागणार होती. म्हणून शिरेतून गुंगीचं औषध द्यायचं ठरलं होतं. ही पूर्ण भूल नव्हे. श्वास आपला आपण घेत राहायचा, हाक मारली की ओ द्यायची. हिरडीतलं इंजेक्शन चुकत नाहीच, पण त्याची धास्ती उरत नाही.

“एका दाढेसाठी भूलतज्ज्ञ कशाला?” असं यांनी विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल चारचौघांत देऊन दाखवणारा मॉर्टन दातांचाच डॉक्टर होता. दाताची भीती त्याला चांगली ठाऊक होती. मला ते ऐकून बरं वाटलं. माझी भीती वेड्यासारखी नाही, असं पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं.

त्या आठवड्यात मी दुसरी एक गोष्ट केली, ती चहापेक्षा अवघड होती. पहिल्या फॉर्मवर ‘चालू औषधं’ या रकान्यात मी रक्तदाबाची गोळी लिहिली होती आणि थांबले होते. झोप येत नाही म्हणून दोन वर्षं अधूनमधून अर्धी गोळी घेते, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. फोन करून ते सांगितलं. बरं झालं सांगितलंत, असं डॉक्टर म्हणाले. गुंगीसाठी वापरतात ते मिडाझोलम माझ्या गोळीचंच भावंड निघालं. दोन्ही एकमेकांत मिसळले तर श्वास मंदावू शकतो, म्हणून आदल्या रात्री ती गोळी घ्यायची नाही. फोन ठेवला तेव्हा हे दारात उभे होते. काही बोलले नाहीत. रात्री मात्र मला झोप लागेपर्यंत जागे राहिले.

फ्रिजवर कागद लावला. रात्री नऊला वरणभात, त्यानंतर काही नाही. सकाळी सहाला रक्तदाबाची गोळी, घोटभर पाण्याबरोबर. साडेसहाला कोरा चहा, तेवढा डॉक्टरांनी विचारून चालेल म्हटला होता. सातनंतर पाणीसुद्धा नाही. खाली सासूबाईंनी मला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं, “स्कूटर नाही.” गुंगी उतरताना मागे बसलेल्या माणसाचा तोल जातो, म्हणून जाता-येता रिक्षा.

भाचीच्या लग्नातली मेंदी बोटांच्या टोकांवर अजून काळसर होती. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा त्यावर चुकीचा आकडा दाखवू शकतो, म्हणून तो कानाच्या पाळीला लावला. हिरव्या बांगड्या साबण लावून एकेक उतरवल्या. मंगळसूत्र यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरून हात धरला.

“शेवटचं काय घेतलंत? किती वाजता?”

“कोरा चहा. अर्धा कप. साडेसहाला.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मनगटाच्या मागे सुई टोचली, टेपनं चिकटवली. औषध शिरेतून वर चढताना दंडापर्यंत गार रेघ गेल्यासारखं झालं. माझे तळहात कोरडे होते, एवढं मला आठवतं. पुढचा पाऊण तास माझ्याकडे नाही. मी दोनदा “झालं का?” विचारलं आणि तोंड उघड म्हटलं तेव्हा उघडलं, हे मला नंतर कळलं.

घरी आणल्यावर सासूबाई उशाशी बसल्या. संध्याकाळी त्यांनी चहा केला, आल्याचा, दुधाचा. बशीत ओतून फुंकून फुंकून तो अगदी गार केला आणि मग कप माझ्या डाव्या हातात दिला.